बिराजदार सरांचा फ्रीज

सर, तुमची मुलगी बंगळूरहून येईपर्यंत तुम्हाला बर्फाच्या लादीवर ठेवलं होतं. मी कोपऱ्यात उभी होते. लादीचं पाणी चादरीखालून ओघळत उंबऱ्यापर्यंत आलं, तेव्हा तुमच्या भावानं दुसरी लादी मागवली. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? म्हटलं, तुमची ती लशींची शीतसाखळी तुटली नाही बरं का. जन्मभर हाती येईल ते थंड करत बसलात आणि शेवटी लोकांनी तुमचंही तेच केलं. मला हसू फुटलं. ओढणी तोंडाला लावली तर बायकांना वाटलं मी रडतेय. एकीनं पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

त्याला आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोललेत की ऐकून ऐकून माझे कान किटलेत. शोकसभेत हॉस्पिटलचे मोठे साहेब माईक हातात घेऊन म्हणाले, "बिराजदार म्हणजे देवमाणूस. त्यांच्या काळात आपल्या लॅबमधून मेंदूज्वराचा एकही खात्रीचा रुग्ण निघाला नाही. शून्य!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! ज्यांनी कधी लॅबच्या दारात पाऊल टाकलं नाही ते पुढच्या रांगेत डोळे पुसत होते. मलाही बोला म्हणाले. "सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता, दोन शब्द बोला." घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता माझा. बोलले असते तर सभा उधळली असती, म्हणून गप्प बसले. आता इथं बोलते. ऐकून घ्या. एरवी मी तोंड उघडलं की तुम्ही चष्मा पुसत उठून जायचात. आता कुठं जाताय?

आपलं काम काय होतं, ते आधी तुम्हालाच सांगते. कारण मला वाटतं तुम्ही ते कधीच विसरून गेला होतात. एखादं लेकरू तापानं फणफणतं, मान ताठ होते, डोळे फिरवतं. डॉक्टर त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढतात. चमचाभरसुद्धा नसतं ते. ते आपल्याकडं येतं. आपण ते जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरायचं, काय उगवतं ते बघायचं, जंतूचं नाव लावायचं आणि दर सोमवारी वर कळवायचं. वरून माणसं त्या घरी जातात, एका खोलीत राहणाऱ्या सगळ्यांना गोळ्या देतात, म्हणजे दुसरं लेकरू पडत नाही. बस. एवढ्यासाठी आपल्याला पगार होता. आणि काहीच उगवलं नाही तर त्या रकान्यात लिहायचं, निरंक. आपल्या सरकारी कचेऱ्यांचा किती लाडका शब्द आहे हा! निरंक म्हणजे काही घडलं नाही, काही दिसलं नाही, आता काही विचारू नका.

सात वर्षं आपण निरंक लिहिलं, सर. एकही सोमवार चुकला नाही.

का उगवत नव्हतं, ते शेंबडं पोरही सांगेल. मेंदूज्वराचा हा जंतू माणसाच्या अंगात राहणारा, त्याला ऊब लागते. गारठ्यात ठेवला की मरतो. मेलेलं काय उगवणार, कप्पाळ? सूचनांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की नमुना फ्रीजमध्ये ठेवू नये, खोलीच्या तापमानाला ठेवावा. मी त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारून पुस्तक तुमच्यासमोर ठेवलं होतं. आठवतंय? तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात.

"खोली कुठल्या गावची गं ही?" तुम्ही विचारलंत. "हे लिहिणारा कधी मे महिन्यात सोलापुरात येऊन बसलाय का? इथं खोलीत लोणी ठेवलं तर पातळ होतंय. नमुना काय टिकणार हाय?"

"मग इन्क्युबेटर आहे की सर. त्यात ठेवू."

"तंगी, गरमीनं वस्तू नासतीय, थंडीनं टिकतीय. बास."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. तुमच्या दुधनीकडच्या कानडीत. रागावलात की गायकवाड आणि वाद संपवायचा असला की तंगी. धाकट्या बहिणीशी वाद घालायचा नसतो ना, तिला नुसतं गप्प करायचं असतं. सात वर्षं तुम्ही मला या एका शब्दावर गप्प केलंत.

आणि तो फ्रीज! आला त्या दिवशी तुम्ही त्याला हार घातलात, नारळ फोडलात. दारावर लाल ऑइलपेंटनं लिहून घेतलंत, 'सर्व नमुने येथेच ठेवावेत. आदेशावरून.' आदेश कुणाचा, तर तुमचाच. किल्ली कमरेला. आत वरच्या कप्प्यात नमुने, दारात तुमच्या इन्सुलिनच्या बाटल्या. बाहेर तापमानाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी. त्या नोंदीसाठी तुम्ही रविवारीसुद्धा यायचात. पुण्याहून तपासणीला एक शहाणा आला होता. त्यानं सात मिनिटांत चहा घेतला, तक्त्याचा फोटो काढला, "वा, एकही नोंद चुकलेली नाही" म्हणाला आणि गेला. फ्रीजमध्ये काय ठेवलंय हे त्या दिवट्यानं उघडून बघितलं नाही. पुढं तुम्हाला प्रशस्तिपत्र मिळालं, उत्कृष्ट सर्वेक्षणाचं. तुम्ही ते काचेत बसवून फ्रीजच्याच वर टांगलंत.

मला माहीत आहे हे खूळ तुमच्या डोक्यात कुठून आलं. वीस वर्षं लशींची पेटी वाहिलीत तुम्ही. टेंभुर्णीच्या पुढं जीप बंद पडल्याची गोष्ट शंभरदा ऐकवलीत. पेटीतला बर्फ विरघळायला आलेला, करमाळा अजून लांब, ऊन मी म्हणतंय. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याला तुम्ही म्हणालात, "पोरांच्या लशी हायत यात." त्यानं आपला सगळा बर्फ पोत्यात भरून दिला आणि गुऱ्हाळ बंद करून घरी गेला. तुम्ही एका अनोळखी माणसाच्या मोटरसायकलवर मागं बसून, पेटी मांडीवर घेऊन करमाळ्याला पोचलात. मांड्या गारठून बधिर झालेल्या. पण एक लस वाया गेली नाही. सांगताना दरवेळी तुमचा आवाज चिरकायचा. ही गोष्ट मला आवडायची, सर. खोटं कशाला बोलू, अजून आवडते. त्या काळात जिल्ह्यातल्या किती पोरांच्या दंडात तुमच्या मांडीवरची लस गेली असेल. त्यात कदाचित मीही असेन.

पण तिथंच थांबायचं होतं! लस थंडीत जगते म्हणून जंतूही थंडीत जगतो, हे कुठलं डोकं? आणि शिकायचं तर नावच नाही. एकदा जे चांगलं केलं तेच जन्मभर करत राहायचं, मग समोर काहीही येवो. असली माणसं मला नालायक माणसांपेक्षा जास्त छळतात. नालायकाला निदान शिव्या तरी घालता येतात.

आता ते बोलते, जे आपण कधीच बोललो नाही. यंत्रमागाच्या गल्लीतली ती मुलगी. आई टॉवेलच्या कारखान्यात, घरात तेलुगू बोलणारी माणसं, एका खोलीत नऊ जण. तिच्या कण्यातलं पाणी आलं ते भाताच्या पेजेसारखं गढूळ. काचपट्टी रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. जोडीजोडीनं बसलेले ठिपके, मेंदूज्वराचा तो जंतूच, स्पष्ट. मी तुम्हाला बोलावलं, तुम्हीही पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत. मग उरलेलं पाणी उचललंत आणि फ्रीजमध्ये ठेवलंत, कारण प्लेटा दुसऱ्या दिवशी तयार होणार होत्या. दुसऱ्या दिवशी पसरलं. दोन दिवस वाट पाहिली. प्लेट कोरी.

मी म्हणाले, "काचेवर दिसलंय की सर. तेवढं तरी कळवू."

तुम्ही म्हणालात, "फॉर्ममध्ये उगवलेलं विचारलंय. दिसलेलं न्हाय विचारलं."

निरंक. त्या घरी कुणी गेलं नाही, कुणी गोळ्या दिल्या नाहीत. मुलगी जगली, पण तिला ऐकू येत नाही. नवव्या दिवशी तिची धाकटी चुलत बहीण आली, त्याच खोलीतली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिची प्लेटही कोरी. निरंक. त्या दोन्ही अहवालांवर खाली तुमची सही आहे, आणि 'तपासले' असं लिहिलेल्या रकान्यात माझी.

त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाहीत. मला वाटलं, आलं लक्षात. आता तरी आलं. संध्याकाळी तुम्ही उठून वॉर्डात गेलात. परत येऊन म्हणालात, "सांगून आलोय. हितून पुढं पाणी काढलं की खाटेपासूनच बर्फात घालून आणायचं. वाटेत उन्हानं खराब होत असणार." एक पोर गेल्याचं तुम्हाला इतकं लागलं की तुम्ही आणखी काळजी घेतलीत. मला त्या क्षणी तुमची इतकी किळस आली, आणि इतकी कीवही आली, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मग मी का बोलले नाही? वर का कळवलं नाही? कंत्राटी नोकरी होती, दरवर्षी तुमच्या शेऱ्यावर चालू राहायची, हे एक. लोकांना हेच कारण सांगते, ते सगळ्यांना पटतं. पण खरं कारण तुम्हाला माहीत आहे. मी पहिल्या दिवशी हातात सर्टिफिकेट घेऊन आले, तेव्हा कारकुनानं माझं आडनाव वाचलं आणि म्हणाला, "गायकवाड ना? मागं बाटल्या धुवायला माणूस पाहिजेच होतं." तुम्ही आतून आलात. "हिचं शिक्षण बाटल्या धुवायचं न्हाय," म्हणालात. "एवढी घाई असंल तर मी धुतो." आणि आठ दिवस, धुणारा माणूस मिळेपर्यंत, तुम्ही बाह्या सरसावून खरंच बाटल्या धुतल्यात. कारकुनाच्या डोळ्यांदेखत. मला सूक्ष्मदर्शकापुढं बसवून. आमच्या आईनं त्या आठवड्यात तुमच्यासाठी शेंगाची चटणी कुटून पाठवली, ती तुम्ही बोटानं चाटूनपुसून खाल्लीत.

त्या आठ दिवसांपायी मी सात वर्षं सही केली. लाज वाटते सांगायला. तुमच्यापेक्षा मी जास्त दोषी आहे, कारण तुम्हाला पटलंच नव्हतं आणि मला माहीत होतं.

तुम्ही गेलात आणि तुमच्या भावानं किल्ली आणून दिली. आठव्या दिवशी, शनिवारी, दुधनीची एक मुलगी आली. तुमच्या गावची हो! अकरा वर्षांची. आईला कानडीशिवाय काही येत नाही. वॉर्डातले मुलाणी मामू पाणी घेऊन आले, तुमच्या हुकुमाप्रमाणं बर्फाच्या डब्यात.

"मामू, ते आधी बर्फातून काढा."

"अरे बाई, साब बोलेसो है ना, बरफ में इच लाना कर के. साब क्या बोलेंगे?"

"साहेब आता काही बोलणार नाहीत, मामू."

त्यांनी डब्यातली नळी माझ्या मुठीत दिली. बर्फात जेमतेम पाच मिनिटं झाली असतील. मी ती तशीच मुठीत धरून टेबलापर्यंत गेले. प्लेटा मी सकाळीच ओतून ठेवल्या होत्या. पाणी पसरलं, प्लेटा बरणीत ठेवल्या, तुम्ही शिकवलं होतंत तशी आत मेणबत्ती लावली, झाकण घट्ट केलं, ती विझून आत या जंतूला लागते तशी हवा कोंडेपर्यंत थांबले आणि बरणी इन्क्युबेटरमध्ये ठेवली. ते सगळं तुम्हीच शिकवलंत. हात तुमच्यासारखेच चालतात माझे. फक्त फ्रीज उघडला नाही.

रविवारी सकाळी गेले. सर, उगवलं होतं. करडे, ओलसर, चकचकीत ठिपके, प्लेटभर. कागदाच्या पट्टीवर ठिपका घासला, दहा मोजायच्या आत पट्टी जांभळी झाली, म्हणजे तोच जंतू. मी मागं वळून म्हणाले, "सर, या की, बघा."

तुमची खुर्ची रिकामी.

इतका राग आला तुमचा! सात वर्षं भांडले, आणि जिंकायची वेळ आली तर तुम्ही आठ दिवस आधी उठून निघून गेलात. नेहमीचीच सवय. मी ती प्लेट घेऊन कुणाला दाखवू? मोठ्या साहेबांना? त्यांना प्लेट आणि बशी यातला फरक कळत नाही. तुम्ही असतात तर आधी म्हणाला असतात, "हवेतलं काहीतरी पडलंय गं." मग चष्मा कपाळावर सरकवून वाकला असतात, बराच वेळ. आणि मग? मग काय म्हणाला असतात ते मला कळत नाही, आणि आता कधीच कळणार नाही. तिथंच मी अडकलेय.

मी लगेच वर फोन केला. उत्तर आलं, "आज रविवार. उद्याच्या अहवालात येऊ द्या, मग गोळ्यांच्या गाडीचं बघू." सोमवारी गेले तर कारकुनानं अहवाल टाइप करून ठेवलेला. निरंक. वाचायचीही गरज नसते ना त्याला. मी सही करणार नाही म्हटल्यावर मोठ्या साहेबांनी आत बोलावलं.

"गायकवाड, हा आठवडा राहू द्या. परवाच शोकसभा झाली, सगळ्यांसमोर शून्य म्हणालोय मी. पुढच्या सोमवारी घाला. बिराजदारांचा आब राहू दे."

"साहेब, त्या घरात सात माणसं आहेत. एक तान्हं आहे. अहवाल गेल्याशिवाय गाडी जाणार नाही म्हणतात."

"उपकाराची जाण म्हणून काही असते की नाही तुम्हाला? त्यांनी तुम्हाला बाटल्या धुवू दिल्या नाहीत, अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे."

"जाण आहे ना साहेब. म्हणून तर सात वर्षं सही केली."

बाहेर येऊन मी निरंक खोडलं आणि वर 'एक' लिहिलं. तुमच्या जागेवर कुणी नाही म्हणून दोन्ही रकान्यांत सही माझीच. माझ्यासमोर अहवाल पाठवायला लावला. पंधरा मिनिटांत वरून फोन. "मॅडम, टायपिंगची चूक झाली का? तुमच्याकडं कायम निरंक असतं." म्हटलं, "चूक झाली होती. आता दुरुस्त केलीय."

काल मी गाडीबरोबर दुधनीला गेले. आरोग्यसेविका बर्फाची पेटी घेऊन गाडीत चढली. आत काय, तर गोळ्या! साध्या गोळ्यांची पाकिटं, चहूबाजूंनी बर्फाच्या विटा लावलेली. मी विचारलं, "अहो बाई, यांना बर्फ कशाला?" ती म्हणाली, "बिराजदार सरांनी शिकवलंय की. औषध घेऊन निघायचं तर पेटी गार पाहिजे." सगळा जिल्हा बिघडवून ठेवलाय तुम्ही, सर. मी पोट धरून हसले, अक्कलकोट येईपर्यंत हसले, आणि ती बाई घाबरून माझ्याकडं बघत होती, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

त्या घरात माणसं घाबरलेली. गोळ्या कशाला, आम्ही तर धडधाकट आहोत, असं काहीतरी म्हणत असावीत. मला तुम्ही शिकवलेली चारच कानडी वाक्यं येतात, त्यातलं एक कामाला आलं. नुंग्री, नुंग्री. गिळा. सगळ्यांनी माझ्यासमोर गिळल्या. तान्ह्याचं औषध सेविकेनं मोजून पाजलं. आज सकाळपर्यंत त्या घरात कुणालाही ताप नाही. मुलगी वॉर्डात उठून बसलीय. मी तिच्या मागं जाऊन टाळी वाजवली, तर वैतागून वळली आणि म्हणाली, "याक?" कशाला म्हणून. मी तिथंच खाटेवर बसले.

एक काम राहिलं होतं, ते दुपारी केलं. यंत्रमागाच्या गल्लीतल्या त्या दोघींचा दुरुस्ती अहवाल लिहिला. थोरलीच्या काचपट्टीवर जंतू दिसला होता, प्लेटवर उगवला नाही. धाकटीची प्लेट कोरी. दोन्ही नमुने फ्रीजमध्ये ठेवले होते. मोठे साहेब म्हणाले, "हे कशाला उकरता? आणि लिहायचंच तर फ्रीजमध्ये कुणी ठेवले तेही लिहा. बिराजदारांनी, म्हणजे तुमच्यावर यायला नको." किती सोपं केलं त्यांनी. परवा देवमाणूस होतात, आज तुमच्यावर ढकलायला मोकळे. मी तुमचं नाव लिहिलं. तुमच्या खाली माझंही लिहिलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. काय व्हायचं ते होऊ दे.

फ्रीजच्या दारावरची अक्षरं मी ब्लेडनं खरवडून काढली. नमुन्यांचा कप्पा रिकामा केला, धुतला. दारात तुमच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या आहेत. त्या काही हलवता आल्या नाहीत मला. त्यांना थंडच लागतं, तेवढं तुमचं बरोबर होतं. तक्ता अजून बाहेर लटकतोय. आज सकाळचं तापमान चार. संध्याकाळचंही चार. तुम्ही गेल्यापासून एकही नोंद चुकलेली नाही, सर.